पाय न टेकता माळशेज

जगात चढ नावाची गोष्ट नसती, तर आमचे साडू एक समंजस, शांत आणि थोडे कंटाळवाणे गृहस्थ म्हणून सुखाने नांदले असते. सपाट रस्त्यावर त्यांच्याइतका सभ्य माणूस शहापूर आणि मुरबाड या दोन्ही तालुक्यांत शोधून सापडणार नाही. पण रस्ता जरा वर गेला, अगदी ओढ्यावरच्या पुलाचा उंचवटा आला, तरी त्यांच्या अंगात येतं. माझ्या बायकोची थोरली बहीण त्यांना दिली तेव्हा ते किन्हवलीकडच्या एका शाळेत गणित शिकवायचे आणि शाळेत जाण्यापुरती सायकल चालवायचे. ती सायकल काळी होती, तिला कॅरियर होता आणि त्यावर कधीमधी ताई बसायच्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी मुंबईहून नवी सायकल आणली. हिला कॅरियर नाही, स्टँड नाही, मडगार्ड नाही, आणि जी घंटी होती ती यांनी स्वतः काढून टाकली. "वजन वाढतं," म्हणाले. घंटीचं वजन वाचवून आता ते रस्त्यात दिसेल त्या माणसावर, म्हशीवर आणि एसटीवर "बाजूला! बाजूला!" असं खेकसत जातात. स्वतःच्या पोटाचं वजन मात्र त्यांनी कधी धरलं नाही. ते बहुधा हातचा म्हणून सोडून दिलं असावं.

सायकलवर बसायचा त्यांचा पोशाख असा, की पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी बायकोला आत जायला सांगितलं. अंगाला चिकटलेली काळी चड्डी, वर पोपटी बनियन, त्याच्या पाठीवरच्या खिशांत केळी, डोक्यावर हेल्मेट आणि हेल्मेटला काडीवर बसवलेला इवलासा आरसा. या अवतारात ते पौषात म्हसा गावच्या जत्रेला गेले. देवाचं दर्शन राहिलं बाजूला, गर्दीतून वाट काढता काढता ते बैलांच्या बाजारात शिरले. तिथे एक म्हातारा व्यापारी खाली उकिडवा बसून बैलांचे खूर बघत होता. पुढ्यात आलेल्या या उघड्या पोटऱ्यांवरूनही त्याने सवयीने हात फिरवला, वर बघितलं आणि न लाजता म्हणाला, "पाय बरं हायत मास्तर. पन दात बगितल्याबिगर आमी काय बोलत नाय." आमच्या साडूंनी या वाक्याचा पहिला भाग तेवढा घरी सांगितला. दुसरा मी सांगितला.

त्यांचा घाटाचा एकच नियम आहे. चढाच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत पाय जमिनीला लागता कामा नये. लागला की चढ बाद. मग पाणी प्यायला थांबलेले असोत, नाहीतर समोर दरड पडलेली असो. ते सायकल वळवतात, पायथ्याला जातात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. शाळेतही त्यांची हीच ख्याती होती. मधली पायरी गाळली की उत्तर बरोबर असूनही पोराला भोपळा. उंबरमाळीच्या बाजूला एका चढावर एकदा त्यांच्या बुटाची क्लिप पॅडलमधून सुटेना. त्या बुटांचं असं आहे, की ते सायकलला अडकवता येतात, पण सोडवायला पायाला झटका द्यावा लागतो आणि घाबरल्यावर तो झटका नेमका आठवत नाही. साडू सायकलसकट करवंदीच्या जाळीत आडवे झाले. मी धावत जाऊन पाहतो तर हे तसेच पडून मला बजावतायत, "नीट बघा. खांदा टेकलाय. पाय टेकलेला नाही. चढ चालू आहे." त्याच स्थितीत त्यांना उभं करण्याची मी तयारी दाखवली, तर ओरडले, "हात लावू नका!"

"हात लावू नका" हे त्यांचं जीवनसूत्र आहे. सायकलला हात लावू नका, पंपाला लावू नका, आणि मला तर मुळीच लावू नका. ते कुणाच्या गाडीवर मागे बसत नाहीत. आजारी पडले तर दवाखान्यात चालत जातात. त्यांना कुणी आयता चहा पाजला, तर दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी ते दूध घेऊन हजर. आता आमच्या भागात या स्वभावाने जगणं फार अवघड आहे. इकडे कुणाची मोटरसायकल बंद पडली तर मागून येणारा ओळख विचारत नाही. आपला एक पाय तिच्या फुटरेस्टला लावतो आणि पंपापर्यंत ढकलत नेतो. सायकलवाला चढाला दमलेला दिसला तर त्याच्या पाठीवर हात ठेवतो आणि वर नेऊन सोडतो. आभार मानायची पद्धत नाही. त्यामुळे आमच्या साडूंचा निम्मा दम चढ चढण्यात जायचा आणि निम्मा माणसं हाकलण्यात. सिद्धगडाच्या रस्त्याला एकदा टेम्पोवाल्याने थांबून विचारलं, "काय झाला काका, गाडी इकून टाकली का? टाका ही मागं, सोडतो." त्या बिचाऱ्याला यांनी स्वावलंबनावर असं काही ऐकवलं की तो टेम्पो रिकामा घेऊन पळाला.

या सगळ्या पराक्रमात एक घाट तेवढा यांना वश होत नव्हता, तो माळशेज. मोरोशी सोडली की रस्ता डोंगराला भिडतो आणि मग माथ्यापर्यंत दया म्हणून नाही. साडूंनी तिथे दर हिवाळ्यात धडक मारली आणि दर वेळी पाय टेकवून परतले. एकदा माकडाने पाठीवरच्या खिशातलं केळं ओढलं. एकदा सहलीच्या मंडळींनी ऐन वळणावर फोटोसाठी आडवं होऊन यांना थांबवलं. एकदा बोगद्यात समोरून ट्रक आला आणि यांनी भिंतीला पाय लावला. भिंत ही जमीन धरायची की नाही यावर त्यांनी स्वतःशी आठवडाभर वाद घातला आणि हरले. मग यंदा कल्याणच्या डॉक्टरांनी गुडघ्यांचे फोटो काढून सांगितलं, की दोन्ही गुडघे बदलायचे, आणि त्यानंतर घाटाचं नाव काढायचं नाही. माणूस घाबरून दुसरा डॉक्टर गाठतो. यांनी ऑपरेशनची तारीख मुकाट्याने मान्य केली आणि तिच्या आदल्या आठवड्यात माळशेजची तारीख ठरवली. ताईंनी मला फोन केला. "त्यांना अडवू नका, ऐकणार नाहीत. पण तुमी स्कूटर घेऊन मागं ऱ्हावा. आन् हा चढ झाला पायजे हो, नायतर हा मानूस नव्या गुडघ्यांवर जन्मभर राग काढंल."

तेव्हा मी गोळ्या, पाणी आणि बँडेज घेऊन स्कूटरवर. मला हुकूम असा, की पुढे जायचं नाही, जवळ यायचं नाही आणि "शाब्बास" म्हणायचं नाही. मी हळू स्कूटर चालवण्याचा जो छळ सोसला त्याचं वर्णन करत नाही. पायथ्यापासून ते बरे चालले होते. बोगदा गेला, माकडं गेली. मग शेवटची वळणं आली आणि सायकल रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत नागमोडी जायला लागली. एकेका पॅडलला गुडघा बाहेर फेकला जात होता. आतापर्यंत मला हसू येत होतं, ते तिथे थांबलं. मी देवाचं नाव घेत होतो ते त्यांनी चढावं म्हणून की थांबावं म्हणून, मलाच कळेना.

एवढ्यात मागून एक मोटरसायकल आली. नवरा चालवतोय, मागे नऊवारीतली म्हातारी एका बाजूला बसलेली, मांडीवर टोपली, टोपलीत कोंबडा. माझ्या शेजारी येऊन म्हातारीने विचारलं, "ते म्होरं सायकलवर तुमचं मानूस हाय का?"

"हो, आमचे साडू."

"मंग तुमी मागं बसून काय बगताव? ढकलत नाय का त्यांना?" माझं उत्तर ऐकायला ती थांबली नाही. नवऱ्याच्या खांद्यावर टिचकी मारून म्हणाली, "घ्या वो, त्यांच्या बाजूला घ्या." मी "आजी, हात लावू नका!" असं ओरडेपर्यंत मोटरसायकल साडूंच्या शेजारी गेली आणि म्हातारीने त्यांच्या पोपटी पाठीवर तळवा टेकवला.

साडूंनी मान वळवली. तोंड उघडलं. ते वाक्य आता येणार म्हणून मी डोळे मिटले. पण वाक्याला लागणारा श्वासच त्यांच्याकडे शिल्लक नव्हता. म्हातारीने ती शांतता म्हणजे होकार धरला. "चल रे बाबा," ती म्हणत होती, "आलाच रे माथा. चल." टोपलीतला कोंबडा मान काढून बघत होता. वळण गेलं, दुसरं गेलं, आणि जिथे रस्ता सपाट होतो तिथे तिने हात काढला. "जा आता. म्होरं काय चढ नाय," म्हणाली आणि जुन्नरच्या अंगाला निघून गेली. मागे वळूनही पाहिलं नाही.

साडूंनी सायकल कठड्याशी नेली. बुटाची क्लिप पहिल्या झटक्यात सुटली. पाय खाली ठेवून ते दरीकडे तोंड करून बसले. मी भीत भीत म्हणालो, "भाऊ, झाला की माळशेज!"

"पाय टेकला नाही," ते म्हणाले. मग हेल्मेट काढत, "पण पायरी गाळली."

"मग काय, परत खाली जायचं?" माझ्या स्कूटरला हा प्रश्न झेपणारा नव्हता, तरी विचारला.

त्यांनी खिशातलं केळं काढलं, सोललं आणि अर्धं मला दिलं. इतक्या वर्षांत या माणसाने घाटात मला केळं दिलेलं मला आठवत नाही. "नको," म्हणाले. "त्या बाईंचं नाव विचारायला हवं होतं." घरी आल्यावर ताईंनी दारातच विचारलं, झाला का? त्यांनी बूट काढत सांगितलं, "झाला. एक हात लागला." ताईंनी माझ्याकडे पाहिलं, मी मान डोलावली, आणि त्या चहा टाकायला आत गेल्या.

गुडघे बदलले. सायकल आता बैठकीच्या खोलीत भिंतीला लटकते आणि तिच्या दांड्यावर ताई उघडपणे ओले टॉवेल टाकतात. "हात लावू नका" ऐकू येत नाही. मला ते ऐकायची इतकी सवय झाली होती की त्यांच्या घरात गेलं की चुकल्यासारखं वाटतं. मागच्या महिन्यात ते आपण होऊन म्हणाले, माळशेजला नेता का? माझ्या स्कूटरवर मागे बसले. जन्मात पहिल्यांदा. शेवटच्या वळणांना पुढे एक सायकलवाला दिसला, टक्कल पडलेला, त्याच चड्डीतला, तसाच नागमोडी चाललेला. "हळू घ्या," साडू माझ्या कानात म्हणाले. "त्याच्या बाजूला घ्या." मी घेतली. त्यांनी हात लांब केला, त्याच्या पाठीला लागणार एवढ्यात तो गृहस्थ खेकसला, "हात लावू नका!"

साडूंनी झटकन हात मागे घेतला. "बरोबर आहे त्यांचं," म्हणाले. "अजून श्वास आहे." आम्ही पुढे गेलो. मागे घेतलेला तो हात कुठे ठेवावा हे त्यांना सुचेना, मग तो त्यांनी माझ्या पाठीवर ठेवला. माथा आला, सपाटी लागली, तरी त्यांनी तो काढला नाही.