जयरामरावांचे उंदीर

उंदराबद्दल ज्यांना करुणा वाटते त्यांनी एकदा कोंडलेल्या उंदराचा वास घ्यावा. ओले गोणपाट, शिळे तेल आणि मुताचा तो एकत्र भपका आमच्या कॉलनीत १९९७ च्या पावसाळ्यात पहिल्यांदा सुटला, आणि तो जयराम पगारे यांच्या ओट्यावरून येत होता.

जयरामराव एका सरकारी कचेरीत आवक-जावक कारकून. माणूस इतका मऊ की पायाखाली मुंगी आली तर तिला "सरक गं बाई" म्हणून वाट देणार. त्या वर्षी ते दहा दिवसांच्या ध्यानशिबिराला जाऊन आले. प्राणिहत्या करणार नाही, हे पंचशीलातले पहिले शील ते लहानपणापासून विहारात सगळ्यांबरोबर म्हणत आले होते. या वेळी ते त्यांनी पहिल्यांदाच ऐकले. घरी येताच त्यांनी उंदरांच्या औषधाची पुडी उचलून गटारात टाकली. गटारात पुढे काय काय मेले, याची चौकशी कुणी केली नाही.

घरात उंदीर मात्र होतेच. मोऱ्यांतून, फळ्यांवरून, रात्री पांघरुणावरून.

"मारायचे नाहीत ना? मग पाट-पाणी करू का त्यांचं?" लताबाईंनी विचारले. लताबाई म्हणजे त्यांच्या पत्नी. त्यांना शिबिराला कुणी बोलावले नव्हते, कारण शिबिराला गेलेल्याच्या मागे घर कुणी तरी चालवावे लागते.

जयरामरावांनी तारेचा पिंजरा आणला. संध्याकाळी आत एक कांदाभजे टांगायचे, सकाळी आत उंदीर. मग त्याला वारा लागू नये म्हणून पिंजऱ्यावर लताबाईंचा टॉवेल झाकायचा, लुनाच्या कॅरिअरला सुतळीने बांधायचा, स्वतःच्या तोंडाभोवती लाल मफलर गुंडाळायचा आणि गंगापूर रोड गाठायचा. तिकडे तेव्हा बंगल्यांची कामे निघाली होती, मोकळ्या जागा पुष्कळ. एका विटांच्या ढिगाजवळ ते पिंजरा उघडत, हात जोडून "सुखी राहा" म्हणत, आणि लेकीला सासरी पोचवून आल्यासारखा चेहरा करून घरी परतत. तो टॉवेल धुऊन पुन्हा दोरीवर पडे. पाहुण्याने तोंड पुसायला त्यालाच हात घातला की आम्ही दुसरीकडे बघत असू.

एकदा पिंजऱ्याचे दार आपटून एका उंदराची शेपटी अर्धी तुटली. जयरामरावांनी डोळ्यांत पाणी आणून तिला हळद लावली, तीही स्वयंपाकाच्या डब्यातून चिमटीने घेऊन. लताबाईंनी तो डबा हळदीसकट बाहेर भिरकावला. या उंदराचे नाव बांडा पडले आणि यथावकाश तोही सासरी गेला.

रविवारी वंदना झाल्यावर जयरामरावांनी विहारात हा सगळा अनुभव सांगितला. "हातून हिंसा घडली नाही आणि उंदीरही गेला."

पुरुषांनी "साधू, साधू" म्हटले. बायकांच्या बाजूने लताबाईंचा आवाज आला, "गेला, पण कुठं?"

हा फार खोल प्रश्न आहे असे समजून सगळ्यांनी डोळे मिटले.

घरी मात्र लताबाईंचे एकच म्हणणे होते. "आधी माळा उपसा. त्यांचं माहेर तिथंच आहे." माळ्यावर त्यांच्या लग्नातली पत्र्याची मोठी धान्याची कोठी होती, आणि तिच्यात जयरामरावांनी जुनी कॅलेंडरे, वापरलेली पाकिटे, विहारातली पत्रके असा सगळा संसार कोंबला होता. जयरामराव मान डोलवून "बघू रविवारी" म्हणत. सगळ्या जीवांवर प्रेम करण्यात त्यांचा रविवार संपे.

थंडीत विहारातर्फे जुने कपडे गोळा झाले. पेठकडच्या डोंगरातून बांधकामावर आलेल्या मजुरांना ते द्यायचे ठरले. विहाराचा चिटणीस धम्मपाल आणि जयरामराव गाठोडी घेऊन निघाले आणि नेमके त्याच विटांच्या ढिगामागे पोचले. तिथे प्लास्टिकच्या कागदाची चार खोपटी होती. पहिल्याच खोपटात तानुबाई नावाची म्हातारी सूप घेऊन बसली होती.

"काय निवडताय, आजी?" धम्मपालने विचारले.

"लेंड्या," तानुबाई म्हणाली. खडे म्हणावे तशी.

सुपात नागली, म्हणजे नाचणी, होती. घरून आणलेले एकच पोते शिमग्यापर्यंत पुरवायचे, मग गावी परतायचे, असा तिचा दरवर्षीचा हिशोब. या वर्षी पोते खालून कुरतडले होते आणि उरलेल्यात काळे दाणे मिसळले होते. जयरामराव सुपाकडे बघत राहिले.

"आदी हितं उंदीर नव्हता," ती म्हणाली. "पन एक मानूस येतो फटफटीवं. फडक्याखाली झाकून आनतो, हात जोडतो, सोडून जातो."

"मग हाकललं का नाही त्याला?" धम्मपाल तापला.

"नवस असंल त्याचा. देवाच्या कामात आपुन कशाला बोलावं?"

"दिसतो कसा?"

"त्वांड नाय दिसत. लाल मफलर हे." तानुबाईने सूप खाली ठेवले आणि जयरामरावांच्या गळ्याकडे सावकाश पाहिले. धम्मपालनेही पाहिले. मग ती म्हणाली, "बसा दादा. भाकर खाऊन जावा."

चुलीवर तवा चढला. पीठ त्याच नागलीचे. धम्मपालला एकाएकी फार महत्त्वाचे काम आठवले आणि तो दुसऱ्या खोपटाकडे गेला. जयरामराव बसले. भाकरी काळपट होती. नागलीची भाकरी काळपटच असते, हे त्यांना ठाऊक होते, पण त्या दिवशी ते काही मनाला पटेना. पहिला घास त्यांनी डोळे मिटून गिळला. डोळे उघडले तेव्हा पोत्यामागून एक धट्टाकट्टा उंदीर बाहेर आला आणि अर्धी शेपटी फरफटत त्यांच्यासमोर बसला.

"ह्योच लय दांडगा," तानुबाई म्हणाली. "आनखी देऊ?"

"द्या," जयरामराव म्हणाले, आणि दुसरी भाकरीही संपवली.

घरी येऊन ते तडक माळ्यावर चढले. रविवार नव्हता. कोठीचे झाकण उघडताच जो भपकारा आला त्याने खाली उभ्या लताबाई थेट ओट्यावर आल्या. विहारातली पत्रके बारीक कुरतडून आत मऊ, ओलसर घरटे केलेले होते, शिबिराच्या पत्रकासकट. जयरामरावांनी ते सगळे हातांनी उपसले. दोनदा खाली उतरून ओकले, पुन्हा चढले. माळ्यातली भोके सिमेंटने बुजवली. मग कोठी सोड्याने घासून उन्हात वाळवली आणि लताबाईंकडे येऊन तानुबाईची हकीकत सांगितली.

"ही आपल्या लग्नातली. देऊ का तिला?"

"वीस वर्षं मला मिळाली नाही," लताबाई म्हणाल्या. "तिला तरी मिळू दे."

त्र्यंबकच्या बाजारातून नागली आणून कोठी भरली आणि टेम्पोत घालून तानुबाईच्या खोपटात नेऊन ठेवली. तिने झाकण दोनदा उघडून बंद केले, घट्ट बसते का ते बघितले, आणि "आता जाऊ शिमग्याला," एवढेच म्हणाली. जयरामरावांनी तिथेच पिंजरा लावला आणि सोडलेले उंदीर परत धरण्यासाठी रोज फेऱ्या मारल्या. बाकीचे कधीच पांगले होते. सापडला तो एकटा बांडा. ते त्याला घेऊन घरी आले.

लताबाई दारात उभ्या होत्या. "परत आणलात?"

"आपलाच आहे."

"सोडा दुसरीकडं कुठं तरी."

"कुठं?" जयरामरावांनी विचारले.

या वेळी डोळे कुणी मिटले नाहीत. लताबाईंनी ओट्याचा कोपरा दाखवला आणि बजावले, "मी त्याला हात लावणार नाही. घाण तुमची तुम्ही काढायची."

बांडा पिंजऱ्यातच राहिला. जयरामराव रोज सकाळी आंघोळीआधी पिंजरा धूत, नाकाला तोच लाल मफलर बांधून. बांडा कृतज्ञ वगैरे मुळीच नव्हता. संधी मिळाली की चावे. सगळ्या कॉलनीला वास येई आणि आम्ही सगळे तक्रार करत असू.

पुढच्या पावसाळ्यात जयरामराव मलेरियाने आडवे झाले. दोन दिवस पिंजरा तसाच पडला. तिसऱ्या दिवशी सकाळी लताबाई ओट्यावर आल्या. बांड्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत, पदर नाकाशी धरून त्यांनी पिंजरा राख लावून खसाखसा घासला. मग भाकरीचा तुकडा आत टाकला. खालचे घाण पाणी बादलीत धरले, गल्लीतल्या गटाराकडे एकदा पाहिले आणि "घाण आपलीच" म्हणत बादली उचलून घरात, आपल्या मोरीत नेऊन ओतली.