गासची घोडी

पुण्याहून निघताना सरांनी मला एवढंच सांगितलं, "पत्रावर कोश होत नाही. जाऊन स्वतःच्या कानांनी ऐका."

सर म्हणजे आमच्या शब्दकोशाचे संपादक. नव्वदचं दशक संपत आलं होतं. कचेरीत संगणक आला होता, पण शब्द अजून चिठ्ठ्यांवरच लिहिले जात. 'घ' अक्षर माझ्याकडे होतं आणि त्यातल्या 'घोडा' या एका शब्दानं मला महिनाभर पळवलं होतं. बंदुकीचा घोडा, पटावर अडीच घरं चालणारा घोडा, अडलेलं घोडं, गंगेत न्हालेलं घोडं, वरातीमागून निघालेलं घोडं... चिठ्ठ्या संपत नव्हत्या. त्यातच वसईजवळच्या गास गावातून एक पोस्टकार्ड आलं. 'आमच्या व्हायोलिनला घोडी असते. तिला तुमच्या कोशात जागा आहे काय? पास्कोल, सुतार.'

सतारीच्या तारा जिच्यावर टेकतात ती घोडी मला माहीत होती. सतारी करणाऱ्या मिरजेच्या कारागिरांकडून ती नोंद केव्हाच आली होती. व्हायोलिनची घोडी मात्र कुणी कळवली नव्हती. 'घ' छापायला जायला आठवडा उरला होता, म्हणून मी ठाण्यापर्यंत एस.टी. आणि पुढे दुसरी बस करत संध्याकाळी नालासोपाऱ्याला पोचले.

पूर्वेला तुळिंजमध्ये माझी मावसबहीण सुषमा राहायची. बाजारातून वाट काढत तिच्या इमारतीपाशी आले तर जिन्यात पाण्याच्या पिंपांची रांग होती. सुषमाच्या सासूबाईंनी प्रेमानं कांदेपोहे केले. मग समोर बसून विचारलं, "वय काय गं तुझं?"

"छत्तीस."

"अगं बाई! म्हणजे घोडनवरीच की!"

सुषमानं मान खाली घातली. सासूबाई काही वाईट नव्हत्या. दुसऱ्यांदा पोहे वाढताना त्यांचा हात सढळच होता. पण मी बशी खाली ठेवली. हा शब्द मी सातारच्या घरी दहा वर्षं ऐकत होते. त्याची चिठ्ठीही मीच लिहिली होती, आणि ती लिहिताना माझं अक्षर बिघडलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुषमाचे यजमान मला वसई पूर्वेला, सातिवलीला घेऊन गेले. तिथल्या एका फर्निचरच्या कारखान्यात त्यांची ओळख होती. आत लाकडाच्या भुशाचा गोड वास भरला होता. दोन तिवयांवर फळी आडवी टाकून एक मालवणी सुतार रंधा मारत होता.

"ह्या तिवयांना काय म्हणता?"

"घोडी," तो म्हणाला. "आणि तुम्ही ज्येका टेकून उभ्या आसात, ती पण घोडीच. रंगाऱ्याची."

मी दचकून मागे पाहिलं. ती रंगाऱ्याची दुपायी शिडी होती आणि तिचा ओला पिवळा रंग माझ्या पदराला लागला होता. सगळे हसले, मीही हसले. दोन चिठ्ठ्या मिळाल्या आणि एक साडी गेली.

दुपारी गासला उतरले. पूर्वेची गर्दी संपून इथे केळीच्या बागा आणि भाजीचे वाफे लागले, आणि कारखान्यांचा आवाज पार मागे राहिला. थांब्यावर भाजीची टोपली घेऊन बसलेल्या बाईंनी वाट सांगितली. "पास्कोल मेस्त्री ना? त्या बावखलाच्या (गोड्या पाण्याचं लहान तळं) बाजूनं जा. पानी पिऊन जा हां, ऊन लय आहे."

पास्कोलकाका सत्तरीचे होते, अंगावर पांढरा सदरा, हाताला किंचित कंप. त्यांची बहीण मेरीबाय त्यांच्याहून थोडी लहान. गावच्या शाळेत शिकवून निवृत्त झालेली, चष्मा दोऱ्यानं गळ्यात अडकवलेला. माझ्यासमोर सांदणं (तांदळाची वाफवलेली गोड वडी) आणि सुकेळी (उन्हात वाळवलेली केळी) आली. खाण्याकडे काकांचं लक्षच नव्हतं.

"पत्र पोचलं म्हणायचं! उद्या चर्चचा सण आहे, मी मिस्सात (प्रार्थनाविधी) वाजवणार. थांबा, घोडी दाखवतो."

त्यांनी पेटी उघडली. तारांखाली उभी असलेली ती कमानदार लाकडी पट्टी मला नीट दिसावी म्हणून ते उत्साहानं खुंट्या सैल करत गेले. तारा ढिल्या पडताच घोडी निखळली आणि घरंगळत जमिनीवर आली. मी ती पकडायला पुढे झाले आणि माझी टाच नेमकी तिच्यावर पडली.

कट्, असा बारीक आवाज झाला. उचलली तेव्हा तिचे दोन तुकडे होते.

"वडिलांनी केलेली होती," काका हळूच म्हणाले. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

"मी आत्ता मुंबईला जाऊन नवी आणते," मी म्हटलं.

"बाजारची या व्हायोलिनला बसणार नाही. कोरावी लागेल." काकांनी फळीवरून फणसाच्या लाकडाचा जुना तुकडा काढला, त्यावर पेन्सिलनं कमान आखली आणि बारीक करवत चालवली. बाहेरचा आकार निघाला. पण पाय कोरायची वेळ आली तेव्हा हात थरथरला आणि पटाशी निसटली. दुसऱ्यांदाही तेच झालं. काकांनी पटाशी खाली ठेवली.

"दे इकडे," मेरीबाय म्हणाली आणि तिनं चष्मा चढवला.

"तुला येतंय?"

"बाबा तुला शिकवायचे तेव्हा मी काय डोळे मिटून बसायचे?"

मी तुकडा घट्ट धरला आणि ती कानस चालवू लागली. काम करता करता तिनं विचारलं, "पोरी, तुझे मालक काय करतात?"

"लग्न नाही केलं मी," मी म्हटलं, आणि काय वाटलं कुणास ठाऊक, आदल्या संध्याकाळची गोष्टही सांगून टाकली.

मेरीबाय मोकळेपणानं हसली. "मला तर तीस वर्षांची असतानाच लोक घोडनवरी म्हणाले होते. वहिनी गेल्या, मग याची तीन मुलं मी वाढवली. शाळेत तर किती वाढवली त्याचा हिशेब नाही. तू कोशवाली ना? मग घोडचूक म्हणजे काय ते सांग."

"मोठी चूक."

"मग घोड म्हणजे मोठं. मोठीला मोठी म्हटलं तर रडायचं कशाला?"

हा अर्थ मी स्वतःच्या हातानं लिहिला होता, पण स्वतःला कधी लावून पाहिला नव्हता. माझी मान ताठ झाली.

काका आता सावरले होते. म्हणाले, "मला लहानपणी व्हायोलिन चर्चमधल्या म्हाताऱ्या मास्तरांनी शिकवलं. त्यांना पोर्तुगीज यायची. ते हिला कव्हालेत म्हणायचे, म्हणजे लहान घोडा. आमचे बाबा म्हणाले, मग सरळ घोडीच म्हणा की. म्हणजे शब्द तसा त्यांचाच. आपण फक्त मराठीत आणला."

"काका, मिरजेला सतारीच्या पट्टीलाही घोडीच म्हणतात," मी म्हटलं. "तिथे कुठले आले पोर्तुगीज?"

काका पुढे सरकून बसले.

"पाव आपण त्यांचा घेतला," मी पुढे म्हटलं, "चावी घेतली, बटाटा घेतला. पण ही घोडी आपल्याकडेही होती. तारांचं ओझं पाठीवर घेऊन उभं राहणारं लाकूड त्यांना घोड्यासारखं दिसलं, तसं आपल्यालाही दिसलं. आणि संस्कृतातला अश्व पोथीतच राहिला हो. लोकांच्या तोंडी घोडाच आला. जाणकार सांगतात, 'घोटक' हा शब्द संस्कृतानं बहुधा लोकांकडूनच उचलला."

"ऐकलंस मेरी?" काका म्हणाले. "आपलीच आहे ती!"

ऊन कलायच्या आत घोडी तयार झाली. मेरीबायनं व्हायोलिनच्या पोटावर पॉलिशपेपर ठेवून तिचे पाय घासून बसते केले. काकांनी तारा चढवल्या आणि गज फिरवला. पहिला सूर थोडा घोगरा आला. खुंटी पिळल्यावर दुसरा स्वच्छ निघाला. मेरीबायनं पदरानं चष्मा पुसला.

त्या दिवशी त्यांनी मला तुळिंजला परत जाऊ दिलं नाही. सकाळी मी चर्चमध्ये मागच्या बाकावर बसले. ठेवणीतली लाल लुगडी नेसलेल्या म्हाताऱ्या, कोट घातलेले शेतकरी, अबोलीचे गजरे, आणि प्रार्थना सगळी मराठीतून. काकांचा हात कापत होता, पण गज तारांवर टेकला की कंप थांबायचा. वाजवून झाल्यावर लोक त्यांच्याभोवती जमले. त्यांनी सगळ्यांना बाजूला सारून मेरीबायला पुढे ओढलं आणि मोठ्यानं सांगितलं, "घोडी हिनं केली!" एवढ्या मोठ्या बाईला लाजताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

पुण्याला परतल्यावर सरांनी चिठ्ठी दोनदा वाचली. "अर्थ पक्का आहे, घेऊ या. पण सांगणाऱ्यांच्या रकान्यात दोन नावं कशी?"

"एकानं सांगितला, एकीनं घडवला," मी म्हटलं. "एकच ठेवायचं असेल तर तिचं ठेवा."

सरांनी दोन्ही ठेवली. इतकी वर्षं मला वाटायचं, शब्द कचेरीत राहतात आणि आपण त्यांची राखण करतो. वसईहून आल्यापासून तसं वाटत नाही. शब्द माणसांच्या हातात असतात, आणि एखादा मोडला तर तो पुन्हा कोरून उभा करणारं कुणीतरी गावोगाव बसलेलं असतं. त्यांच्या भाषेत मी काम करते, हे आता मी कुणालाही मान वर करून सांगते.