कात्रीशेठचा आवाज

मावशीचा गळा भाड्याने मिळायचा. कार्टूनमधला उंदीर तीच, साबणाच्या जाहिरातीतली सासू तीच आणि भुताच्या सिनेमात कण्हणारं भूतही तीच. फोनवर शेजारीण आधी विचारायची, "आज नक्की कोण बोलतंय गं?"

एकच आवाज तिला कधी काढता आला नाही, तिच्या आईचा. मावशी रांगत होती तेव्हाच आई गेली. एका जुन्या कृष्णधवल सिनेमात मात्र आई फुलवाली झाली होती, एका वाक्यापुरती. त्याचे हक्क संपले आणि बाजारात डिस्क आली, तशी मावशी पळत जाऊन घेऊन आली.

बघते तर काय! टीव्हीभर दिसावं म्हणून चित्र आडवं ताणलेलं, नायिका लाटण्याखालून निघाल्यासारखी. कोपऱ्यात कंपनीचा शिक्का, नायिकेच्या अश्रूंवरसुद्धा. रडण्याच्या मागे कंपनीने घुसवलेलं कीबोर्डचं टुंगटुंग. नायक फुलांच्या गल्लीत शिरला आणि दुसऱ्या क्षणी स्वतःच्या घरात जेवायला बसला. फुलवाली गायब!

मावशीने थेट कंपनी गाठली. कंपनी म्हणजे एक खोली, खोक्यांचे ढीग आणि त्यांच्यामागे कात्रीशेठ. एका डिस्कमध्ये तीन सिनेमे कोंबायला हा प्रत्येकाला कात्री लावायचा, म्हणून हे नाव. स्वतःच विचारायचं आणि समोरच्याच्या वतीने स्वतःच नकार द्यायचा, ही त्याची खोड.

"बसणार? नको म्हणता? बरं," तो नाकातून म्हणाला.

"फुलवाली कुठे गेली?"

"काय आहे ना बाई, हक्क संपले की सिनेमा मोकळा. मोकळा म्हणजे कुणाचाच नाही. म्हणजे माझा!"

"माझी आई होती ती."

"असेल की. अख्ख्या सिनेमाची टेप आहे माझ्याकडे. बघणार? घाईत आहात? बरं."

मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तेवढ्यात शेठने कान टवकारले. "अहो, तो उंदीर तुम्हीच का? नव्या डिस्कसाठी आवाज भरून द्या ना. जुना फार खरखरतो."

"देते की!" मावशी इतकं गोड म्हणाली की शेठने तिथेच सावध व्हायला हवं होतं.

नायक, नायिका, पोलीस, कुत्रा, सगळे तिने पटापट उरकले. मेहनत घेतली ती फक्त घरमालकावर. सिनेमात तो विधवेचं सामान रस्त्यावर फेकतो. आता तो नाकातून म्हणू लागला, "काय आहे ना बाई, राहायचंय? नको म्हणता? बरं."

"एकदा ऐकून घ्या हं, शेठ," काम हवाली करताना ती म्हणाली.

"सिनेमे बघत बसलो तर विकू कधी?" शेठ हसला. विकलेला एकही सिनेमा त्याने आजवर पाहिला नव्हता.

डिस्क दुकानादुकानांत लागली. दुकानदार पोट धरून हसले. शेठ वसुलीला गेला की गल्ल्यावरचा माणूस विचारी, "पैसे देऊ? नको म्हणता? बरं!" घरी त्याच्या बायकोने घरमालकाचा प्रसंग मागे नेऊन नेऊन पाहिला आणि माहेरीही एक डिस्क धाडली.

शेवटी टेप काखेत मारून शेठ मावशीच्या दारात. "ही घ्या तुमची आई. पण माझा आवाज तेवढा काढा हो त्यातून!"

मावशीने टेप लावली. गल्ली आली, टोपली आली, टोपलीमागे तिच्याच हनुवटीची पोरगी. "ताजी आहेत साहेब, वास तर घेऊन बघा!" आवाज घोगरा होता, थोडा भांडकुदळसुद्धा. मावशीने श्वास रोखून ऐकलं.

"मग? घरमालक बदलताय ना?" शेठने विचारलं.

"नाही."

"अहो, टेप दिली ना मी!"

"दिलीत. आईला कापलंत तेव्हा मला विचारलं होतंत?"

तिने दार लावलं. शेठ जिना उतरत होता. तिने टेप मागे नेली, खिडकी उघडली आणि आवाज एवढा चढवला की फुलवाली त्याला कोपऱ्यापर्यंत ऐकू यावी.