क्लचपर्यंत पाय

आज गिरडहून एक जोडपं आमचा जुना ट्रॅक्टर पाहायला आलं. इंजीन सुरू केलं, डिझेलचा वास अंगणभर पसरला आणि मला अल्लीपूरचं जुन्या ट्रॅक्टरांच्या विक्रीचं ते आवार आठवलं.

आमच्या चार एकरांसाठी बाबा तिथे परवडेल असा जुना ट्रॅक्टर निवडत होते. दोन उभे होते. लहानावर आई सहज चढली. चप्पल काढून तिने अनवाणी पायाने क्लच पार खालपर्यंत दाबला.

"पाहा नं जी, माहा पाय पुरते!" ती हसली.

उंच ट्रॅक्टरवर तिचा पाय अधांतरीच राहिला.

"तुले कुठं चालवाचा हाय? मी हावो ना," बाबा म्हणाले. उंचच घरी आला.

मला तेव्हा ती आईची गंमत वाटली होती. तिने स्वतःला चालवता येईल असा ट्रॅक्टर निवडला होता, हे फार उशिरा कळलं. बाबा गेल्यावर दर पेरणीला ती धुऱ्यावर, शेताच्या बांधावर बसून ड्रायव्हरची वाट पाहायची. तो लोकांची वावरं उरकून येईपर्यंत आमच्या मातीतली ओल उडून जायची.

गिरडचा माणूस टायर तपासत होता. त्याची बायको बाजूला उभी होती. आई तिच्याजवळ गेली.

"आधी तू वर बस माय," ती म्हणाली. "क्लचले पाय पुरला, तरच घेजा."