बाळाला कोण झोपवतं?

डॉ. सुलभाताई वाघचौरे यांच्या पुंडलिकनगरच्या दवाखान्यात मी पहिल्यांदा गेले ती नोकरी मागायला. दंतवैद्यकाची पदवी नवीकोरी होती आणि प्रमाणपत्रांची फाइल मी छातीशी धरली होती. ताईंनी ती उघडलीसुद्धा नाही. "रेहाना ना तू? काल सकाळपासून काय काय खाल्लंस ते सांग," म्हणाल्या. मी चहा-टोस्ट सांगितलं, मग पुन्हा चहा, बिस्किटं, पुन्हा चहा. "म्हणजे दिवसभर दातांना सुट्टीच नाही. गोड खायचं ते जेवणासोबत खा आणि मोकळी हो. उद्यापासून ये." ताईंच्या पंचाहत्तरीच्या या ग्रंथात हीच आठवण आधी लिहायला हवी, कारण रोग्याला तोंड उघडायला सांगण्याआधी त्या त्याच्या ताटात काय असतं ते विचारत आल्या आहेत.

देवगाव रंगारीच्या शिबिरात एका बाईंच्या हिरड्यांतून रक्त येत होतं. मी ऐटीत सफरचंद, बदाम, पनीर असं लिहून दिलं. ताईंनी ती चिठ्ठी माझ्या हातात परत ठेवली आणि बाईंना विचारलं, "घरी काय असतं?"

"काय असणार बाई? भाकर, मेथी, ताक. बांधावर पेरूचं झाड हाय."

"मग झालं की. भाकर नीट चावून खायची, सोबत तिळाची चटणी. मेथी सोडायची नाही आणि पेरू रोज एक." बाई हरखल्या. तेवढ्यात ताई म्हणाल्या, "पण पेरूनं दातांवरचं कीटण निघत नाही. ते मला काढू द्या, आणि रोज घासणं चुकवू नका." परतीच्या वाटेवर मला मात्र बदामावरून बरंच ऐकून घ्यावं लागलं.

ऐकवणं हा ताईंचा दोषच होता. गौरवग्रंथात दोष लिहीत नाहीत हे मला कळतं. संपादक मंडळींनी तसं सौम्यपणे सुचवलंही. पण ताईंनी मला घरी बोलावून सांगितलं, "समीरच्या आईची गोष्ट लिहिणार असशील तरच लिही. नाहीतर माझा फोटोही छापू नका." म्हणून मन घट्ट करून लिहिते आहे.

समीर अडीच वर्षांचा होता. त्याची आई चितेगावच्या एका कारखान्यात कामाला होती. लेकराचे वरचे पुढचे चारही दात काळे पडून झिजले होते. झोपताना तोंडात साखर घातलेल्या दुधाची बाटली असते, हे विचारताच कळलं. झोपेत लाळ कमी सुटते आणि ते गोड दूध दातांवर तसंच साचून राहतं. एवढं शांतपणे सांगता आलं असतं. ताईंनी भरल्या दवाखान्यात तिला फैलावर घेतलं. "साखर घालायला हात कसा गं धजतो? आई आहेस ना तू?"

"ताई, त्ये बाटलीबिगर झोपतच नाय."

"मग रडू दे की दोन दिवस."

बाईनं डोळ्यांना पदर लावला, लेकराला कडेवर घेतलं आणि ती गेली. पुन्हा आली नाही.

पुढच्या वर्षी ताईंची एकुलती एक लेक अनघा तापाचं निमित्त होऊन गेली. तिचा दीड वर्षाचा निनाद ताईंकडे आला. दुपारी दवाखान्याच्या मागच्या खोलीत त्याला झोपवत. तो दाराकडे बघत, आईला हाका मारत रडायचा. ते ऐकवत नसे. एका दुपारी मी कापूस आणायला आत गेले. ताई पाळण्याशी बसल्या होत्या, निनादच्या तोंडात बाटली होती आणि खिडकीत साखरेचा डबा. आमची नजरानजर झाली. मी कापूस घेऊन मुकाट्यानं बाहेर आले. ते माझं चुकलं.

वर्षभरात निनादचेही तेच चार दात किडले, मुळाशी पू झाला. ते मी काढले. ताईंनी त्याचं डोकं धरलं होतं. नंतर त्या म्हणाल्या, "तू पाहिलं होतंस. बोलली का नाहीस?"

"तुम्हाला कोण बोलणार, ताई?"

"मी तर सगळ्यांना बोलले," त्या म्हणाल्या. पुढे बराच वेळ त्यांना हातमोजे काढायचंही सुचलं नाही.

त्या रविवारी आम्ही दोघी चितेगावला गेलो. केसपेपरवर फक्त 'समीर, वय अडीच' एवढंच होतं. आईचं नाव आम्ही विचारलंच नव्हतं. दारोदार विचारत फिरलो, तेव्हा खोल्यांच्या एका रांगेत एक म्हातारी भेटली. "समीरची माय व्हय? ती गेली की खोली सोडून. कुठं गेली, ठावं नाय. लई राबायची. लेकरू माझ्यापाशीच असायचं. रडायलं की मीच बाटली द्यायचे."

"आणि साखर?" ताईंनी विचारलं.

"मीच घालायचे. का वं?"

त्या बाईनं दवाखान्यात म्हातारीचं नाव घेतलं नव्हतं. सगळं स्वतःवर घेतलं होतं.

तेव्हापासून ताईंचा पहिला प्रश्न बदलला. आता त्या आधी विचारतात, "बाळाला कोण झोपवतं?" मग आजी असो, शेजारीण असो, तिलाच बोलावून सांगतात: साखर आजपासून बंद, झोपायच्या बाटलीतल्या दुधात रोज थोडं पाणी वाढवायचं, पंधरा दिवसांनी नुसतं पाणी द्यायचं. ओरडत नाहीत. कितीतरी लेकरांचे दात त्यामुळे वाचले. ताईंपुढे हे बोललं की त्या विषय बदलतात.

निनाद आता आठवीत आहे. त्याचे नवे दात सरळ आणि पांढरे आले आहेत. तो हसला की ताई अजूनही दुसरीकडे बघतात. त्यांचे गुडघे थकलेत, नजर अधू झाली आहे. आता घरी विश्रांती घ्या असं मी किती वेळा म्हणाले, पण त्या रोज सकाळी येऊन बसतात. "समीरची आई आली तर?" म्हणतात.

ताईंना निरोगी, उदंड आयुष्य लाभो, हे या ग्रंथात सगळेच म्हणतील. मीही अगदी मनापासून म्हणते. पण मला ते आयुष्य एका कामासाठी हवं आहे. समीर आता दहावीच्या आसपास असेल. त्याच्या आईच्या हाती हे पुस्तक पडेल असं मला वाटत नाही. पडलंच, तर बाई, पुंडलिकनगरचा दवाखाना सकाळी उघडा असतो. तुम्हाला कुठलाच जाब द्यावा लागणार नाही. ताईंना फक्त तुमचं नाव विचारायचं आहे.