मोहाच्या झाडाखालचं इंग्रजी

यंदा मोहर्लीच्या जंगल सफारीच्या फाटकावर बाया गाइड म्हणून घेणार असं कळलं आणि आमच्या बायकोने अर्ज दिला. चाचणीत वनखात्याच्या साहेबांना जिप्सीतून फिरवून इंग्रजीत जंगल दाखवायचं होतं. जंगल तिला पाठ होतं. इंग्रजी मी करून घेतो म्हणालो, तर आईने पदर तोंडाला लावला. दहावीला इंग्रजीने मला किती आग्रहाने मागे ठेवून घेतलं होतं, ते तिला ठाऊक.

मोहाची फुलं पडायचे दिवस होते. पहाटे टोपल्या घेऊन आम्ही दोघं झाडाखाली. आमच्याकडे मोह गुपचूप वेचत नाहीत. खाली वाकलेला माणूस वाघाला जनावर वाटतो, आणि अस्वलालाही मोह आवडतोच. म्हणून ओरडून बोलत राहायचं, की बाबा, माणसं आहेत, तू तिकडून जा. एरवी आम्ही सोयऱ्यांची उणीदुणी काढतो. यंदा व्याकरण काढलं.

"आय गो!" मी माझ्या झाडाखालून.

"आय गो!" ती तिच्या.

"शी?"

"शी गोज!"

"ऐकू नाई आलं!"

"गोऽऽज!"

पलीकडच्या झाडाखालून काकूंनी विचारलं, "काऊन भांडून राह्यले जी सकाळीच?"

"भांडून नाई काकू, शिकवून राह्यलो."

"मंग बाई एवढी काऊन तापली?"

महिनाभर एकही अस्वल फिरकलं नाही. श्रेय मी माझ्या शिकवण्याला दिलं.

चाचणीच्या दिवशी पाणवठ्यावर वाघीण बसलेली. पहिली हिनेच पाहिली. साहेबांनी खुणेनेच विचारलं आणि हिने मोहाखालच्या आवाजात सांगितलं, "द टायग्रेस इज सिटिंग इन द वॉटर!" वाघीण उठली आणि बांबूत गेली.

घरी आल्यावर ती माझ्याकडे बघेना.

"साहेब काय म्हणाले?"

"वाक्य बरोबर आहे म्हणे. परवा आणखी एकदा बोलावलं. हळू बोलली तर घेतील, नाई तर नाई." मग माझ्याकडे वळून, "सारं जंगल ऐकते असं शिकवलं तुमी मले!"

जंगलात हळू बोलणं म्हणजे जीव धोक्यात घालणं, हे तिच्या अंगात लहानपणापासून मुरलेलं. ते दोन दिवसांत काढायचं होतं. आम्ही चुलीपाशी बसून कानात बोलल्यासारखी वाक्यं म्हणू लागलो. दुसऱ्या दिवशी आई दारात उभी. "माह्याबद्दल काय कुजबुजून राह्यले दोघं?" व्याकरण आहे म्हटलं, तर तिचा विश्वास बसेना. रात्री ती जेवली, पण रुसूनच.

दुसऱ्या खेपेला वाघ दिसलाच नाही. एका घुबडावर आणि दोन सांबरांवर ती इतकं हळू बोलली, की साहेबांना कान पुढे करावा लागला. घेतलं तिला.

पहिल्या दिवशी खाकी शर्ट घालून निघताना तिने विचारलं, "पाहुण्यानं इचारलं, इंग्रजी कोणी शिकवलं, तं काय सांगू?"

"खरं ते सांग."

"नको जी," ती चप्पल घालत म्हणाली, "आत्ताच तं लागली नोकरी."