ताईंच्या मनगटावरचा थेंब

ताई भेटल्या की आधी आपला हात हातात घ्यायच्या, उलटा करायच्या आणि कातडीवरून अंगठा फिरवायच्या. ‘कसा आहेस?’ हे नंतर. तुम्ही म्हणाल, ज्योतिषी होत्या की काय? नाही हो. हॅरोला आमच्या शेजारच्या घरात राहायच्या आणि लंडनमधल्या एका लॅबमध्ये एक्झिमासाठी जेल बनवायच्या.

“जेल झोंबलं नाही पाहिजे, चिकटलं नाही पाहिजे आणि औषध कातडीच्या आत पोचवलं पाहिजे,” त्या सांगायच्या. “दोन जमली रे, की तिसरं रुसून बसतं.”

आमची सई तेव्हा प्रायमरीत होती. दोन्ही हातांना एक्झिमा. डॉक्टरांनी दिलेलं मलम गुणाचं, पण तेलकट. वह्यांवर डाग पडायचे, वर्गातली मुलं नाकं मुरडायची. तिने मलम लावणंच सोडलं. हात चिरले, तशी ती मुठी बाह्यांत लपवून फिरायला लागली. कुणी हात मागितला तरी देईना. मी बाप म्हणून मला येतं तेवढं केलं. म्हणजे ओरडलो.

“तिला ओरडू नकोस,” ताई म्हणाल्या. “जे लावावंसंच वाटत नाही, ते आम्हीच नीट बनवलेलं नाही.”

मग मला युक्ती सुचली. आपल्यात शेजाऱ्याचा डबा रिकामा परत करत नाहीत. मी स्टीलच्या डब्यातून बेसनाचे लाडू नेले आणि म्हटलं, “ताई, परत देताना तुमचं थोडं जेल घाला की यात.”

“अरे, अजून चाचण्या व्हायच्यात. सख्ख्या भाचीलाही देणार नाही मी.”

डबा चकल्यांनी भरून परत आला.

“छान जेल आहे,” बायको चकली मोडत म्हणाली. “कुरकुरीत.”

पण त्या शनिवारी ताई दुकानातली साधी मॉइश्चरायझर्स घेऊन आल्या. स्वतःच्या मनगटावर एकाचा थेंब चोळला आणि मनगट सईपुढे धरलं. सई बोट लावणार तोच म्हणाल्या, “सुकू दे आधी.” फुंकर मारली. “हं, आता सांग.”

सईने बाहीतून एकच बोट बाहेर काढलं. “यक! हे ग्लूसारखं आहे!”

“शाब्बास. आणखी?”

असे कितीतरी शनिवार गेले. ताई तिचं जितक्या गंभीरपणे ऐकायच्या, तितक्या गंभीरपणे माझं ऑफिसात कुणी ऐकत नाही. शेवटी एक क्रीम सईने पास केलं. डॉक्टरांना विचारून ठरलं, शाळेत हे आणि घरी आंघोळीनंतर मलम. हात भरत आले. मी आभार मानायला गेलो, तर म्हणाल्या, “तिचे मान. लॅबमध्ये मी तिचीच वाक्यं ऐकवते.”

पुढे त्याच जेलच्या कामासाठी ताई ग्लासगोला निघाल्या. आम्ही स्टेशनवर सोडायला गेलो. लाडवांचा डबा मी त्यांच्या पिशवीत कोंबला. गाडी आली. ताईंनी सवयीने सईचा हात धरायला हात पुढे केला आणि सईने आपला मागे घेतला.

“थांबा ना ताई. आत्ताच क्रीम लावलंय मी. सुकू दे आधी.”

लावायला तिला कुणी सांगितलं नव्हतं.

दारं बंद झाली. ताईंनी ती गाडी जाऊ दिली. दोघी प्लॅटफॉर्मच्या बाकावर बसून सईच्या हातांवर फुंकर मारत राहिल्या.

जेल अजून बाजारात आलेलं नाही. आमचा डबाही ग्लासगोलाच आहे. बायको म्हणते, मागून घे. मी मागत नाही. ताई डबा रिकामा परत करणार नाहीत.